पुजलेला गुडघा

फुटबॉल या खेळाची मला किळस येते आणि ती मी कुणापासून लपवत नाही. मागच्या महिन्यात मारुंजीला दादाकडं निघाले होते, तर वाटेत एका अकादमीचा भलामोठा फ्लेक्स लागलेला. 'जर्मन पद्धतीचे फुटबॉल प्रशिक्षण.' वर एका हसऱ्या गोऱ्या म्हाताऱ्याचा फोटो, आणि खाली आपले आजी, माजी आणि भावी नगरसेवक हात जोडून उभे. मी रिक्षा थांबवली, उतरले आणि त्या फ्लेक्सच्या बुडाशी थुंकले. जन्मभर शाळेत पोरांना रस्त्यावर थुंकू नका म्हणून सांगितलेली बाई मी. रिक्षावाला म्हणाला, "काय झालं मावशी, मळमळतंय का?" म्हटलं, "हो बाबा, जुनं दुखणं आहे." फोटोतला म्हातारा कुणी का असेना, आमच्या घरी येऊन जेवून गेलेला तो नव्हता. पण तसलं हसू मी पाहिलेलं आहे, आणि त्याच्याविषयी एकदा लिहून टाकल्याशिवाय माझ्या घशातला घास काही खाली उतरायचा नाही.

आम्ही तेव्हा संत तुकाराम नगरात राहत होतो, दोन खोल्यांत. आण्णा, म्हणजे माझे वडील, कंपनीत प्रेसशॉपला, पत्रा दाबायच्या मशिनींवर. दिवसभर प्रेसचे दणके ऐकून त्यांचे कान पार गेले होते, त्यामुळं आमच्या घरात सगळं ओरडूनच बोलायचं. मीठ मागायचं तरी ओरडून, आणि कुणाचं लग्न मोडलं हे सांगायचं तेही ओरडून. शेजारच्यांना आमच्या घरची भाजी कुठली ते भिंतीतून कळायचं. आईची सगळी कामं कंपनीच्या भोंग्यावर चालत. भोंगा झाला की तवा चुलीवर, म्हणजे स्टोव्हवर, दुसरा झाला की डबा बांधून तयार. आई-आण्णा चाकणच्या पलीकडच्या गावचे, बोलणं शेवटपर्यंत तिकडचंच राहिलं. आणि दादा, माझा थोरला भाऊ अशोक, आण्णांच्याच कंपनीत टेम्पररी होता. टेम्पररी म्हणजे काय हे आज आयटीतल्या पोरांना सांगून कळत नाही. काही महिने राबवून घ्यायचं आणि कायम करायची वेळ आली की ब्रेक द्यायचा, घरी बसवायचं. मग पुन्हा बोलावणं, पुन्हा पहिल्यापासून. आई तर परमनंट हा शब्द देवाच्या नावासारखा घ्यायची. दादाला मुली सांगून येत, तर ती म्हणे, "परमनंट होऊ द्या, मग बघू." आण्णांच्या निवृत्तीला फार दिवस राहिले नव्हते, त्यानंतर ती दोन खोल्यांची चूल दादाच्याच जिवावर पेटायची होती. हे घरात सगळ्यांना माहीत होतं. तेवढं एक मात्र कुणी ओरडून बोलत नसे.

चाकणला कंपनीचं नवं युनिट उभं राहत होतं. जर्मनीहून मोठमोठ्या खोक्यांतून प्रेस आले आणि ते बसवून द्यायला खोक्यांपाठोपाठ एक माणूस आला, गेरोल्ड. सव्वासहा फुटी, हाताच्या मनगटापर्यंत सोनेरी लव, डावा पाय जरा ओढत चालायचा. कुणीतरी बातमी काढली की हा गडी पूर्वी तिकडं पैसे घेऊन फुटबॉल खेळायचा, अगदी वरच्या दर्जाचा. झालं, आमचे वेल्फेअरचे कदमसाहेब उड्या मारायला लागले. जर्मन मालकांना खूश करायचं तर कंपनीची फुटबॉल टीम पाहिजे, आणि हा आयता मास्तर मिळालेला. आमच्याकडं कबड्डी, फार तर क्रिकेट. फुटबॉल म्हणजे केरळच्या पोरांचा खेळ. दोन केरळी वेल्डर, एक खडकीकडचा ड्रायव्हर आणि बाकी सगळे कबड्डीतले धटिंगण गोळा करून कदमसाहेबांनी टीम उभी केली. दादा त्यातलाच. कबड्डीत त्याला कुणी धरू शकत नसे, आणि डाव्या पायानं लाथ मारायचा ती अशी की बॉल सोडाच, गोलकीपरच बाजूला व्हायचा. गेरोल्डनं त्याला पहिल्याच दिवशी हेरलं. कदमसाहेबांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "अशोक, कंपन्यांचा कप आणून दे, तुझं परमनंटचं मी बघतो." दादा घरी आला आणि हे वाक्य त्यानं इतक्या मोठ्यानं सांगितलं की आण्णांना पहिल्याच खेपेला ऐकू गेलं.

गेरोल्डला गेस्टहाऊसच्या आम्लेट-पावाचा वीट आला होता, म्हणून एका रविवारी दादा त्याला घरी घेऊन आला. मग दर रविवारी येऊ लागला. आईनं त्याच्यासाठी मासवड्या केल्या. बेसनाच्या पोळीत तीळ-खोबऱ्याचं सारण भरून वळायच्या, वड्या पाडायच्या आणि वर झणझणीत रस्सा. हा बाबा मांडी घालता येत नाही म्हणून खाटेवर बसून, ताट मांडीवर घेऊन, नाकातलं पाणी पुसत पुसत जेवायचा आणि पुन्हा ताट पुढं करायचा. मी तेव्हा कॉलेजला. त्याचं इंग्रजी मोडकं, माझंही मोडकंच, त्यामुळं आमचं जमायचं. तो जे बोलायचा ते मी मराठीत ओरडून आण्णांना सांगायची. म्हणजे त्याच्या आयुष्याची सगळी कहाणी आमच्या घरात आली ती माझ्या तोंडून, हे लक्षात ठेवा.

कहाणी ऐकून कुणालाही पाझर फुटला असता. कोळशाच्या खाणीचं गाव, बाप खाणीत. बाप घरी यायचा तेव्हा डोळे आणि दात तेवढे पांढरे दिसायचे. गावच्या क्लबनं हा लहान असतानाच याला उचललं. विशीत तो मोठ्या क्लबात, डाव्या बाजूनं पळणारा. लोक त्याच्या नावाचं गाणं म्हणायचे, बेकरीवाल्यानं त्याचा फोटो लावला होता आणि पावाचे पैसे घेत नसे. मग गुडघा दुखावला. क्लबचा डॉक्टर सामन्याच्या आधी सुई द्यायचा, सुई दिली की काही दुखत नसे, सामना संपला की रात्रभर हा उशी चावायचा. पुढच्या शनिवारी पुन्हा सुई. "दुखणं हा राखणदार असतो," तो म्हणाला होता, मी सांगितलेलं मला शब्दन्‌शब्द आठवतं, "सुई राखणदाराला झोपवते, मग चोर सगळं घर धुऊन नेतात." तिशीही गाठली नव्हती तेव्हा क्लबनं त्याला ऑफिसात बोलावलं, फुलांचा गुच्छ दिला, हात मिळवला आणि दार दाखवलं. महिन्याभरात बेकरीवाला पावाचे पैसे मागू लागला. मग हा लेथ शिकला, प्रेस शिकला, आणि आता देशोदेशी मशिनी बसवत हिंडत होता. पँट वर करून त्यानं गुडघ्यावरचा व्रण दाखवला, आडवातिडवा, शिवलेल्या पोत्यासारखा. आईच्या डोळ्यांत पाणी आलं. "लेकराचं वाटुळं केलं मेल्यांनी," म्हणत तिनं त्याच्या ताटात आणखी दोन वड्या टाकल्या. मला म्हणाली, "त्याला म्हणावं, हितं तुजं घर हाय." मी सांगितलं. त्यानं आईचा हात धरून स्वतःच्या कपाळाला लावला. आता आठवलं की अंगावर पाल पडल्यासारखं होतं.

दादा आज मारुंजीत आयटीवाल्या पोरांचं एक पीजी सांभाळतो. पाणी आलं का, लिफ्ट चालू का, कुणी गच्चीवर बाटल्या टाकल्या का, हे त्याचं काम. जिना उतरताना एका बाजूनं, खेकड्यासारखा उतरतो. आणि इतकं होऊन हा माणूस दर आठवड्याला मोबाइलवर जर्मनीतले सामने बघतो हो! मी गेले की म्हणतो, "वंदे, बघ बघ, काय क्रॉस टाकला." मी स्वयंपाकघरात निघून जाते. कुकरची शिट्टी त्यापेक्षा बरी.

तर तेव्हा, फायनलच्या आधीच्या सामन्यात दादाचा गुडघा फिरला. घरी आणला तेव्हा नारळाएवढा झाला होता. आईनं आंबेहळद आणि तुरटीचा लेप लावला, वर एरंडाचं पान बांधलं. कॉलनीतल्या डॉक्टरांनी दाबून पाहिलं आणि महिनाभर पाय जमिनीला लावू नको म्हणून बजावलं. फायनल होती खंडेनवमीला. तो दिवस कामगारांच्या घरी दिवाळीपेक्षा मोठा. त्या दिवशी मशिनी धुऊनपुसून, रांगोळी काढून, झेंडूच्या माळा घालून पुजायच्या, आणि वर्षातून तेवढा एकच दिवस बायकापोरांना कंपनीत आत जायला मिळायचं. कंपनी बंद, सगळी कुटुंबं आत, मालक जर्मनीहून आलेले, म्हणून कदमसाहेबांनी सामनाही त्याच दिवशी ठेवला. घरीसुद्धा आई विळी, पाटा, कात्री सगळं पुजायची आणि मग दिवसभर विळीला हात लावायची नाही, भाजी चिरायची नाही. आदल्या दिवशीचं चिरलेलं चालायचं. पुजलेल्या हत्याराला त्या दिवशी सुट्टी. आमच्याकडं हे लहान पोराला विचारलं तरी सांगेल.

आण्णांच्या प्रेसपुढं पूजा मांडली होती. नट आवळायचे पाने, हातोडे, मापाचं व्हर्नियर, सगळं ओळीनं, वर हळदकुंकू. त्यात फुटबॉल आणि खेळाडूंचे बूटही ठेवले होते. दादा काठी टेकत आला होता, नुसता बघायला म्हणून. कदमसाहेबांनी त्याला पाहिलं आणि त्यांच्या डोक्यात काय किडा वळवळला देव जाणे. म्हणाले, "अरे, आपलं खरं हत्यार तर हे उभं आहे!" आणि दादाला पुढं ओढून, त्याची पँट गुडघ्याच्या वर दुमडून, त्या सुजलेल्या गुडघ्याला हळदकुंकू लावलं. झेंडूची माळ गुंडाळली. अक्षता टाकल्या, पायापाशी नारळ फोडला. लोक टाळ्या वाजवत होते, फोटोवाला फ्लॅश मारत होता, मालक मंडळी कौतुकानं हसत होती. दादा लाजून एका पायावर उभा. बैलपोळ्याला बैलाची पूजा करतात, पण बैलाला निदान त्या दिवशी कुणी औताला जुंपत नाही.

मग दादाला दवाखान्याच्या खोलीत नेलं. मी आणि आण्णा मागोमाग. कंपनीचे डॉक्टर सुट्टीवर, कंपाउंडर सुई भरून उभा. त्यालाही धीर होईना, तो कदमसाहेबांच्या तोंडाकडं बघत होता. कदमसाहेबांनी गेरोल्डला विचारलं, "तुम्ही व्यावसायिक खेळाडू. तुम्ही सांगा, खेळेल का हा?" मला हायसं वाटलं. वाटलं, बरं झालं, योग्य माणसाला विचारलं. गेरोल्ड खाली वाकला, झेंडूची माळ बाजूला सारून त्यानं अंगठ्यानं गुडघा दाबला. दादा कळवळला. गेरोल्डनं खिडकीतून मैदानाकडं पाहिलं. मालकांसाठी मांडव घातला होता, कितीतरी वर्षांनी त्याच्या नावाची घोषणा लाउडस्पीकरवर चालली होती. तो उठला आणि इंग्रजीत म्हणाला, "एक सुई. खेळेल. डाव्या बाजूला मला तोच पाहिजे."

मी त्याच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले. म्हटलं, "राखणदाराचं काय? आमच्या घरी बसून तुम्हीच सांगितलंत ना?" तो जरासा ओशाळला. मग खांदे उडवून म्हणाला, "माझं वर्षानुवर्षं चाललं होतं. हा एकच सामना." आणि हसला. तेच ते हसू.

मी हे सगळं आण्णांना ओरडून सांगितलं. खोलीत गर्दी जमली होती, सगळ्यांनी ऐकलं. आण्णा आयुष्यात साहेबांपुढं वर मान करून बोललेले नव्हते. त्या दिवशी टोपी हातात घेऊन पुढं झाले. म्हणाले, "साहेब, तुमीच पुजलंय न्हवं त्येला? पुजल्यालं हत्यार आज चालवत न्हाईत. माजी प्रेस बंद हाय, घरी इळी बंद हाय. पोराचा पाय तेवढा चालू ठेवणार व्हय?"

कंपाउंडरनं सुई खालीसुद्धा ठेवली. कदमसाहेब हसले आणि आण्णांच्या खांद्यावर हात टाकून म्हणाले, "अहो आण्णा, पूजा ही श्रद्धा झाली, मॅच ही ड्यूटी आहे. आणि जबरदस्ती कुठंय? अशोकला विचारा ना." मग दादाकडं वळून अगदी गोड आवाजात, "काय अशोकराव, नावं पाठवायचीत मला उद्या-परवा. पाठवू ना?"

दादानं आण्णांकडं पाहिलं नाही. माझ्याकडंही नाही. "आण्णा, एकदा परमनंट होऊ द्या," तो म्हणाला, "मग महिनाभर काय, दोन महिने घरी पडून राहतो." आणि त्यानं पाय पुढं केला. हळदीवरूनच सुई घातली कंपाउंडरनं, हळद पुसलीसुद्धा नाही.

सामन्याचं मला काही सांगता येणार नाही, मी गुडघ्याशिवाय दुसरं काही बघत नव्हते. दादा धावत होता, खरंच धावत होता, जणू काही झालंच नाही. त्याच्याच पायातून गेलेल्या बॉलवर केरळी वेल्डरनं गोल केला. मांडवात मालक उभे राहिले. गेरोल्ड कडेकडेनं पाय ओढत पळत होता, त्याच्या भाषेत ओरडत होता, तोंड लालबुंद. संपायला थोडा वेळ राहिला असताना दादा कोपऱ्यात वळला आणि खाली बसला. कुणी धक्का दिला नाही, कुणी अंगाला लागलं नाही. नुसता वळला. त्याचा पाय ज्या बाजूला वाकला होता त्या बाजूला माणसाचा पाय वाकत नाही. आईनं पदर तोंडात कोंबला. दोघांनी दादाला उचलून कडेला ठेवलं आणि खेळ सुरू झाला. शिट्टी झाली, कप आपला. गेरोल्डनं कदमसाहेबांना मिठीत घेऊन उचललं, फटाके लागले, बुंदी वाटली. कुणीतरी एक द्रोण दादाच्या हातात दिला. तो तसाच आडवा, गुडघ्यावर हळद, माती आणि घामाचा चिखल झालेला, हातात बुंदी.

प्लास्टर निघायला दिवाळी गेली, तुळशीचं लग्न गेलं. कदमसाहेबांनी शब्द पाळला बरं का! दादाचं नाव परमनंटच्या यादीत गेलं. नाव गेल्यावर मेडिकल असतं. दादा इस्त्रीचा शर्ट घालून, काठी बाहेर आमच्या हातात देऊन आत गेला, आणि बाहेर आला तो अनफिट होऊन. कदमसाहेब म्हणाले, "माझ्या हातात होतं ते मी केलं, मेडिकल माझ्या हातात नाही." आण्णा घरी येऊन भिंतीला टेकून बसले. त्या दिवशी आमच्या घरात कुणी कुणाशी ओरडून बोललं नाही, आणि त्यामुळं आण्णांना कुणाचंच काही ऐकू आलं नाही.

त्यानंतरच्या रविवारी गेरोल्ड निरोप घ्यायला आला. चाकणचं काम संपलं होतं, तो परत चालला होता. चॉकलेटचा डबा घेऊन आला. मी दारातूनच त्याला घालवणार होते, पण आण्णांनी मला डोळ्यांनी दटावलं. आईनं मुकाट्यानं मासवड्या केल्या. पाहुणा निघालाय, उपाशी कसा धाडायचा. तो खाटेवर दादाच्या पायथ्याशी बसला, ताट मांडीवर घेतलं, रस्सा वरपला, पुन्हा नाक पुसलं. आण्णा माझ्या कानाशी येऊन, त्यांना वाटलं हळूच, पण साऱ्या बिल्डिंगला ऐकू जाईल असं बोलले, "वंदे, त्येला म्हण, मोठ्या साहेबांकडं अशोकासाठी दोन शब्द टाक. त्येचं ऐकतील. मशिनवर न्हाई तर ष्टोरमधी घ्या म्हणावं, बसून काम करंल पोरगं."

एवढी एकच आशा उरली होती. मी राग गिळला आणि विचारलं.

गेरोल्डनं घास गिळला आणि मान हलवली. म्हणाला, "मोठ्या साहेबांनी मला आधीच विचारलं. मेडिकलच्या आधी. म्हणाले, तू खेळाडू आहेस, तुला गुडघ्यातलं कळतं, खरं सांग. मी खरं सांगितलं. तो गुडघा माझ्या गुडघ्यासारखाच आहे, कामातून गेला. कशाच्याच कामाचा नाही, ठेवून घेऊ नका. मला खोटं बोलता येत नाही." मग दादाच्या पायावर थोपटून म्हणाला, "पण त्याला सांग, सामना फार सुंदर खेळला."

"काय म्हणतोय?" आण्णांनी विचारलं.

आजवर त्याचं बोलणं सांगताना मी जरा मऊ करून, गोड करून सांगायची. त्या दिवशी एक शब्द गाळला नाही, एक जादा घातला नाही. जसंच्या तसं, मोठ्यानं.

"पुन्ना सांग," आण्णा म्हणाले.

मी पुन्हा सांगितलं. दादानं कोपरावर उठून विचारलं, "म्हणजे यानंच सांगितलं?" मी हो म्हटलं. तो पुन्हा आडवा झाला आणि त्यानं तोंड भिंतीकडं केलं.

आई स्टोव्हपाशी होती. हात पदराला पुसत आली. आमच्या घरात दारी आलेला भिकारीसुद्धा कधी भरल्या ताटावरून उठवलेला नाही. तिनं गेरोल्डच्या मांडीवरचं ताट दोन्ही हातांनी उचललं, दोन वड्या अजून शिल्लक होत्या, आणि म्हणाली, "ऊठ."

ते मला इंग्रजीत सांगावं लागलं नाही. तो उठला. रश्श्यानं माखलेला हात तसाच छातीपाशी धरून त्यानं इकडंतिकडं पाहिलं, कुणीतरी तांब्या आणील म्हणून. कुणी आणला नाही. तसल्याच खरकट्या हातानं तो जिना उतरून गेला.